कमळच्या नावावर

"कमळ काळूराम मोकल बोलताय ना?" फोनवरच्या मुलीने विचारलं, आणि विनिता "हो, बोला," म्हणाली.

म्हणून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. अलिबागचा मासळीबाजार, भर सकाळ, एका हातात ओल्या बोंबलांची गळकी पिशवी, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, समोर कोळीण "घे गो बाय, शेवटचा वाटा हाय" म्हणून हट्टाला पेटलेली. अशा गडबडीत माणूस कशालाही हो म्हणतो, असं तिने मनाला सांगितलं असतं तर मन ऐकलंही असतं. पण विनिता स्वतःला इतक्या स्वस्तात सोडणारी नव्हती, आणि दुसऱ्याला तर नव्हतीच. कुणाच्या साखरपुड्याला कोण फिरकलं नाही, बारशाला आलेली कुठली साडी पुढे कुणाच्या ओटीत गेली, आजारपणात कोण उशाशी बसलं आणि कुणी नुसताच फोन करून सुटका करून घेतली, हे सगळं तिच्या डोक्यात नावानिशी होतं. जीवन, तिचा नवरा, म्हणायचा की ट्रक माझे, पण वजनकाटा हिच्याकडे. अशा बाईच्या तोंडून दोन वर्षांमागे गेलेल्या थोरल्या जावेच्या नावाला 'हो' निघतं, ते चुकून निघत नाही.

"मी प्राची, आरोग्य विभागाकडून," मुलगी घाईघाईत पण गोड बोलत होती. "पाच वर्षांपूर्वी तुमच्या गावच्या शाळेत शिबिर झालं होतं बघा, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. तुमची तेव्हा झाली होती, सगळं छान होतं. आता परत करून घ्यायची वेळ झाली. मंगळवारी उपकेंद्रात आहे. मधल्या काळात काही त्रास वगैरे?"

"नाही," विनिता म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"मस्त! ताई, मग एक काम करा ना माझं. तुमच्या गावच्या बायका यायलाच मागत नाहीत. म्हणतात, कोण एक बाई तपासणीत पास झाली होती आणि तरी त्याच आजाराने गेली. एक बाई अशी निघाली की सगळं गाव मागे फिरतं हो. तुम्ही स्वतः तपासून घेतलेल्या, ठणठणीत आहात. तुमचं ऐकतील त्या. सांगाल?"

"सांगते," असं म्हणून विनिताने फोन ठेवला आणि कोळणीचा तो शेवटचा वाटा घासाघीस न करता घेऊन टाकला. कोळीणसुद्धा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

रिक्षात बसल्यावर तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. कारण हा विनोद कमळला फार आवडला असता. मेलेल्या बाईने गावात फिरून बायकांना सांगायचं, की ती मेलेली बाई आहे ना, तिच्यावर जाऊ नका, माझ्याकडे बघा. कमळ मांडीवर थाप मारून हसली असती, हसताना पदर तोंडात धरला असता, पुढचा पडलेला दात दिसू नये म्हणून. तिचं सगळं हसणंच असं अर्धं झाकलेलं असायचं. विनिता लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात कमळने तिला भाताच्या वाफ्यात उभी केली होती आणि वर म्हणाली होती, "शिकलेली हायस ना, मग चिखल पण शीक." तेव्हा राग आला होता. पण त्याच रात्री आपल्या वाटणीची तळलेली तुकडी तिने विनिताच्या ताटात सरकवली, कुणाला दिसणार नाही अशी, आणि विनिताने ती मनात जमेला धरली. तेव्हापासून त्या दोघींच्या खात्यात काय यायचं आणि काय द्यायचं याचा मेळ विनिताला कधी लागलाच नाही. कमळने कधी हिशेब ठेवला नाही. अशा माणसाबरोबर हिशेबी माणूस नेहमी तोट्यातच राहतो.

शिबिराची दवंडी देवळावरच्या भोंग्यावरून झाली होती. आरोग्य खात्याने तिशीच्या वरच्या सगळ्या बायका बोलावल्या होत्या म्हणे, हे तिला फार नंतर कळलं. पण भोंगा ग्रामपंचायतीच्या अनंताच्या हातात होता, आणि अनंताला गाव बोलवायचा एकच मंत्र ठाऊक. बंधाऱ्याचं काम असो, गावजेवण असो, मयताला खांदा असो की सभा असो, "घरटी एक माणूस." तसंच त्याने सवयीने म्हटलं, "घरटी एक बाई." आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. घरातलं एक जण गेलं म्हणजे घर गेलं. ज्याच्या घरातून बंधाऱ्याला कुणी गेलं नाही त्याला चार लोक विचारतात, ज्याच्या घरातून गेलं त्याच्या घरातल्या बाकीच्यांनी झोपा काढल्या तरी चालतं. मोकलांच्या घरातून कोण, हा प्रश्नच नव्हता. कमळ थोरली.

म्हणून कमळ सकाळीच शाळेत जाऊन रांगेत बसली, आणि विनिता दुपारच्या सुमारास तिला चहा घेऊन गेली. टेबलापाशी नाव लिहून झालं होतं, फोन म्हणून विनिताचाच नंबर दिला होता, हातात चिठ्ठी होती, दोन बायकांनंतर नंबर. चौथीच्या वर्गात हिरवा पडदा लावला होता आणि फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात गणितं अर्धवट सोडली होती. तेवढ्यात पडदा सरकला, आतली नर्स बाहेर डोकावली, आणि कमळने खालच्या खाली विनिताचा हात धरला. "मेली! ती केसर हाय गो, आमच्या माहेरची. तिची लंगोटी बदललीय मी, आन् तिच्यापुढं आता मी…" पुढचं वाक्य तिने तोंडाने केलं नाही, नुसत्या डोळ्यांनी केलं. विनिता इतकी हसली की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मग कमळ गंभीर झाली. "तू जा. माज्या नावानं जा. घरचंच मानूस हायस ना? केसर तुला वळखत न्हाय. आन् माहेरात मी जनी, कमळ तिला कुठं ठावकी." विनिता म्हणाली, "ताई, असं चालतं का?" कमळ म्हणाली, "न चालायला काय झालं? बंधाऱ्याला आमच्या ह्यांच्या जागी जीवन न्हाय गेला? दगड मोजले ना त्याचे?"

आणि विनिता गेली. ती का गेली, हे तिने नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. थोरलीचा शब्द म्हणून गेली, हे खरं. रांगेत अर्धा दिवस घालवून मिळालेली चिठ्ठी वाया जाऊ नये म्हणून गेली, हेही खरं, वाया जाणं तिला कधीच बघवायचं नाही. पण तळाशी आणखी एक होतं. तिला स्वतःला तपासून घ्यायचं होतं. वर्तमानपत्रात वाचलं होतं, मनात धाकधूक होती, आणि घरटी एकच म्हटल्यावर आपण कशा मागणार? त्यामुळे चिठ्ठी हातात आली तेव्हा तिचं मन आतल्या आत, अगदी थोडं, सुटल्यासारखं झालं. पडद्याआड केसरने तिला टेबलावर झोपवलं, कापसाला सिरका लावला, "जरा झोंबेल, मिनिटभर थांबा, पांढरा डाग उमटला तर कळतं," असं सांगितलं. वर्गात सिरक्याचा वास सुटला, लोणच्याच्या बरणीसारखा. विनिता छताच्या पत्र्याकडे बघत राहिली. मग केसर म्हणाली, "कमळताई, छान आहे सगळं. उठा." कमळताई उठली.

वर्षभर दोघी त्यावर हसल्या. नवऱ्यांना सांगितलं नाही, तो बायकांचा खाऊ होता. काळूरामभावजी कुणाकुणाला सांगायचे, "आमचं घर पास झालं," जणू घरपट्टी भरावी तसं. आणि गंमत अशी, की हळूहळू विनितालाही तसंच वाटायला लागलं होतं. हा भाग तिने कधी कुणाला बोलून दाखवला नसता. आपलं चांगलं निघालं म्हणजे ताईचंही चांगलंच असणार, एका चुलीवर जेवणाऱ्या बायका आपण, असं काहीतरी शिक्षण झालेल्या डोक्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसलं होतं. म्हणूनच पुढच्या थंडीत, वालाच्या शेंगांची पोपटी लावायला मडक्यात भांबुर्डीचा पाला भरता भरता कमळ जेव्हा हळूच म्हणाली, "मना पुना चालू झालंय गो, बंद होऊन दोन वरसं झाली व्हती तरी," तेव्हा विनिताला धोक्याची शंकाही आली नाही. ती म्हणाली, "पाळी जाताना होतं असं कधी कधी." मडकं उलटं घालून भोवती पेंढा पेटवला, ओवा आणि धुराचा वास आला, पोरं नाचायला लागली, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

होळीनंतर ती कमळला अलिबागच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस. त्याने विचारलं, "कॅन्सरची तपासणी कधी केलीय?" कमळ पटकन म्हणाली, "झालीय की, शाळेत. चांगली आली." आणि टेबलाखाली विनिताच्या पायावर पाय ठेवला. तो पाय अजून विनिताला जाणवतो, चप्पल काढलेला, भेगांचा, गार. त्या पायात दटावणी नव्हती, लाज होती. आता इथे परक्या पुरुषापुढे तो किस्सा उलगडायचा का, एवढंच त्यात होतं. विनिताने तोंड उघडलं होतं. काय सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण डॉक्टरच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती पसरली, ती तिलाही हवीशी वाटली, थंडीत दुसऱ्याने पांघरलेल्या शालीचं टोक आपल्यालाही मिळावं तशी. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं थांबलं, परत सुरू झालं, परत गोळ्या. मुंबईच्या इस्पितळात नेलं तोवर फार उशीर झाला होता; तिथल्या डॉक्टरणीने कागद परत परत चाळले. नंतर ती विनिताला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तपासणी ही ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठी असते. एकदा रक्त दिसलं की मागचा चांगला निकाल विसरायचा आणि थेट यायचं. तुम्ही त्या निकालावर का बसून राहिलात?" विनिताकडे उत्तर होतं. ती किरणोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर बसून त्या उत्तराकडे बघत राहिली. आत कमळ होती.

आज रिक्षातून उतरून तिने अलिबागच्या घरी, कमळ गेल्यावर ती आणि जीवन वेगळे राहायला आले होते तिथे, बोंबील फ्रीजमध्ये टाकले, साफसुद्धा केले नाहीत, आणि नागावची रिक्षा पकडली. तेजस्वीकडे. कमळची एकुलती लेक, नागावला दिलेली, नवऱ्याबरोबर पर्यटकांसाठी चार खोल्या चालवणारी. वय तेहतीस, अंगाने आईसारखी थोराड, तब्येत अशी की शिंक आली तरी बातमी व्हावी. मंगळवारी जायचं तर सगळ्यात आधी हिने जायला हवं होतं. आणि सगळ्यात मोठ्याने 'नाही' हीच म्हणत होती. प्राचीला माहीत नव्हतं, पण गाव मागे फिरलं ते एका मेलेल्या बाईमुळे नव्हे, तिच्या या जिवंत लेकीमुळे. माहेरी आली की ओट्यावर बसून बायकांना ठासून सांगायची, "माझ्या आईची तपासणी केली होती ना त्यांनी? काय सापडलं त्यांना?" यावर कोण काय बोलणार?

वाडीत सुपारीच्या झाडांमधे दोऱ्या बांधून पर्यटकांचे ओले कपडे वाळत घातले होते. स्वयंपाकघरात तेजस्वी सुरमई तळत होती. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "भाभी, और सोलकढी मिलेगी क्या?"

"मिलेगी, मिलेगी, बसो दादा!" तेजस्वी ओरडली, आणि आवाज उतरवून म्हणाली, "सकाळपासून कढीच पितायत मेले, समुद्रात पाणी कमी पडलं जसं. काकी, तू आज अशी मधेच? काकाशी भांडलीस?"

"भांडायला तुझा काका घरात असावा लागतो." विनिता पाटावर बसली. "मंगळवारी उपकेंद्रात तपासणी आहे. तू चल माझ्याबरोबर."

तेजस्वीने तुकडी उलटली. तेल चुरचुरलं. "तुला कितीदा सांगायचं, काकी? एवढी एक गोष्ट सोडून दे."

"तुझ्या मुलीसाठी तरी…"

"माझ्या मुलीचं नाव घेऊ नकोस. आईलाही मुलीसाठी जा म्हणूनच पाठवलं होतं ना शिबिराला? मीच फोन करून सांगितलं होतं, आई जा, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. गेली बिचारी. माझा शब्द ठेवला तिने." तेजस्वीने झारा खाली ठेवला. "हे एक बरं झालं बघ. लोक भेटायला आले ना, त्या सगळ्यांना मी हेच सांगितलं. आम्ही काही कमी केलं नाही. तपासणीसुद्धा वेळेवर केली होती. बाबा अजून तेवढ्यावर झोपतात. नाहीतर ते वेडेच झाले असते."

विनिताला हे माहीत होतं. बाजारापासून इथपर्यंत सबंध रस्ताभर ती याच एका गोष्टीभोवती फिरत होती, दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखी. या पोरीकडे आणि तिच्या बापाकडे कमळचं मागे राहिलेलं धन म्हणजे एवढं एक वाक्य होतं, की आपण सगळं केलं, दोष तपासणीचा. ते वाक्य खोट्या पैशासारखं होतं, पण दोन वर्षं त्यावर त्यांचा संसार चालला होता. आता ते तिने काढून घ्यायचं. आणि बदल्यात काय द्यायचं? मिनिटभर झोंबणारा कापूस. कदाचित काहीच न निघणारी तपासणी, बहुतेक निघणार नाहीच, हजारात बहुतेकींचं निघत नाही. म्हणजे एका शक्यतेसाठी हातातलं नक्की असलेलं समाधान मोडायचं. कुठल्याही शहाण्या माणसाने हा सौदा केला नसता. विनिताला वाटलं, आपण 'तुझी मर्जी' म्हणून उठावं, सोलकढी प्यावी, घरी जाऊन बोंबील साफ करावे. ती खरोखर उठलीसुद्धा. मग तेजस्वी कढईकडे वळली, पदराने कपाळ पुसलं, आणि पाठमोरी ती इतकी कमळ दिसली, मानेवरचा तो मांसल भाग, डावा खांदा जरा खाली, की विनिता परत बसली.

"तेजू, त्या दिवशी टेबलावर तुझी आई नव्हती. मी होते."

तिने सगळं सांगितलं. केसरची लंगोटी सांगितली, माहेरची जनी सांगितली, बंधाऱ्याचे दगड सांगितले. सांगताना तिला वाटलं होतं, कुठेतरी तेजस्वीला हसू येईल, कारण ते हसण्यासारखंच होतं. डॉक्टरकडचा पायही सांगितला. तेजस्वीने मधेच गॅस बंद केला. बाहेरून पुन्हा "भाभी" अशी हाक आली, ती तिला ऐकू गेली नसावी.

"म्हणजे आईला तपासलंच नाही," ती शेवटी म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दुधाचा हिशेब विचारावा तसं.

"नाही."

"तपासलं असतं तर सापडलं असतं?"

"मला माहीत नाही, तेजू. तेव्हा होतं की नव्हतं कोण सांगणार. कधी कधी त्यांनाही दिसत नाही म्हणतात."

"पण असतं तर दिसलं असतं."

"असतं तर… बहुतेक."

तेजस्वीने तळलेल्या तुकड्या एकेक करून ताटात लावल्या, कोथिंबीर भुरभुरली, लिंबाची फोड ठेवली, सगळं नीट. मग म्हणाली, "तू दोन वर्षं माझ्या तोंडाकडे बघत होतीस. दहाव्याला मी हेच बोलत होते, तू माझ्या शेजारी बसली होतीस. मान हलवत होतीस." ताट उचलून तेजस्वी बाहेर गेली, आणि बाहेर तिचा आवाज नेहमीसारखाच आला, "लो दादा, गरम है, संभाल के." बराच वेळ झाला तरी ती आत परतली नाही. विनिता मागच्या दाराने निघाली.

पुढचे दिवस विनिताला कुणाचाही फोन आला नाही. तिने काळूरामभावजींना फोन लावला, त्यांनी उचलला नाही, आणि ते फोन न उचलणारे नव्हते. म्हणजे पोचलं होतं. विनिता घरात वावरताना एका गोष्टीने चकित होत होती, की तिला हलकं वाटत नव्हतं. सांगून टाकलं की मन हलकं होतं असं सगळे म्हणतात. तिला उलट जड वाटत होतं, जणू इतके दिवस कमळ आणि ती मिळून उचलत होत्या ते ओझं आता कमळने सोडून दिलं होतं. विनिता त्या गुपिताची शेवटची भागीदार होती, आणि गुपित होतं तोवर कमळ थोडी होती. आता तेवढी कमळही गेली. नव्याने गेली.

मंगळवारी ती उपकेंद्रावर लवकर पोचली. प्राची फोनवरच्या आवाजापेक्षा लहान निघाली, केसांना चिमटा, पायात बूट. विनिताने तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं की मी कमळ नाही, कमळ गेली, तुम्ही म्हणता ती बाई तीच, आणि त्या दिवशी तपासलेलं शरीर माझं होतं. प्राचीने हातातली यादी उघडून कमळचं नाव शोधलं. मग तिच्यातली मोजणारी मुलगी आधी जागी झाली. "आमच्याकडे त्या ताईंचं नाव नव्हतं, पण गावात बोलतात त्यावरून तपासणीत चुकलेल्या म्हणून धरल्यात. निकाल चांगला आणि नंतर आजार. वर बैठकीत त्यावरून किती बोलणी खाल्ली आम्ही." ती थांबली. "म्हणजे त्या चुकलेल्या नव्हत्या. तपासलेल्याच नव्हत्या." एवढं बोलल्यावर तिचं तोंड एकदम उतरलं, आणि तिने विनिताचा हात धरला. विनिताला वाटलं, ही चांगली मुलगी आहे, पण हिला अजून कळलेलं नाही की या दोन शब्दांमधल्या अंतरात एका घराने दोन वर्षं राहून काढली.

बायका येत गेल्या. बातमी गावात फिरली असणार, कारण एरवी घोळक्याने कलकलत येणाऱ्या बायका तिच्यासमोरून जाताना गप्प होत होत्या, आणि तरीही येत होत्या. अनंताची बायको आली, सुनेला घेऊन. कुणी "काय गो विनिता" म्हटलं नाही. ती बाकावर टोकाला बसली होती आणि बाक लांबच लांब असूनही तिच्या शेजारची जागा रिकामी राहत होती. तिने मनात नोंद केली, सवयीने, कोण कोण आलं, कोण आपल्याकडे बघून वळलं. मग ते नोंदणं तिने सोडून दिलं.

ऊन व्हरांड्याच्या पायरीवर आलं तेव्हा फाटकात स्कूटी थांबली. तेजस्वी एकटीच होती, हेल्मेट काढून तिने केस सारखे केले, आणि पायऱ्या चढताना तिची नजर विनितावर आली. डोळे सुजलेले होते. विनिता अर्धवट उठली, हातातली पाण्याची बाटली पुढे करावी असं तिच्या मनात आलं. तेजस्वी थांबली नाही. तिने टेबलापाशी नाव सांगितलं, वय सांगितलं, आईला काय झालं होतं ते स्पष्ट आवाजात सांगितलं, आणि "माझी कधी तपासणी झालेली नाही," असं म्हणाली. पडद्याजवळच्या नर्सने चिठ्ठी घेतली आणि नेहमीच्या रीतीने विचारलं, "पर्स, मोबाईल बाहेर ठेवा. सोबत कोण आलंय तुमच्या?"

तेजस्वीने पर्स खांद्यावरून काढली. ती क्षणभर बाकाच्या दिशेने वळली आहे असं विनिताला वाटलं.

"कोणी नाही," ती म्हणाली, पर्स नर्सच्या हातात दिली, आणि पडदा सारून आत गेली.